टेंडर कुणाला मिळालं ते कळलं, पण बॉक्स वेळेवर आला का?

आमच्या फॅमिली ग्रुपवर १०८ अँब्युलन्सच्या टेंडरचा विषय निघाला की रात्रभर मेसेज पडत राहतात, मी इकडे सकाळी उठून बघते तर दीडशे. ज्यांनी फॉलो केलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, महाराष्ट्रात २०१४ ला ९३७ गाड्यांवर ही सेवा सुरू झाली, २०२४ मध्ये नवं कंत्राट पुढच्या दहा वर्षांसाठी दिलं गेलं, घेणाऱ्यांमध्ये स्पेनची एक कंपनी पण आहे, विरोधकांनी हजारो कोटींच्या घोटाळ्याचा आरोप केला आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. सगळी भांडणं झाली की मिरजेचा माझा मावसभाऊ शेवटी एक वाक्य टाकतोच, "ताई, तुमचं बरं आहे, तिकडं असलं काही नसतं."

मी सतरा वर्षं मिसिसागात राहतेय, म्हणजे कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात, टोरांटोच्या शेजारी. आणि त्याचं वाक्य मला दर वेळी टोचतं कारण ते अर्धं खरं आहे.

खरं अर्धं आधी सांगते. २०२२ मध्ये माझे सासरे घरीच गेले, कॅन्सर होता, हॉस्पिटलमध्ये मरायचं नाही हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. इथं अशा पेशंटला सरकारच्या पैशाने घरी नर्स येते, अंग पुसायला आणि कुशीवर वळवायला पीएसडब्ल्यू, म्हणजे पेशंटची देखभाल करणारी मदतनीस येते, हॉस्पिटलसारखा बेड घरी लागतो. आणि एक बॉक्स येतो. साधा पुठ्ठ्याचा, आत इंजेक्शनची औषधं, सिरिंज, कॅथेटर, ग्लोव्ह्ज, काय कधी द्यायचं त्याचा कागद. आमच्याकडे तो फ्रीजवर ठेवला होता, शेजारी सासूबाईंची लोणच्याची बरणी. दहा दिवस कुणी हात लावला नाही आणि अकराव्या रात्री दोन वाजता बाबांना असं दुखायला लागलं की त्यांना आवाजही फुटेना. फोन केला, नर्स तासाभरात आली, बूट काढता काढताच विचारलं "बॉक्स कुठंय?" तिने सील फोडलं, सिरिंज भरली, वीस मिनिटांत बाबांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. आम्ही एक पैसा दिला नाही. त्या रात्री तो बॉक्स घरात नसता तर काय झालं असतं याचा मी तेव्हा विचारच केला नव्हता.

तो विचार २०२४ च्या सप्टेंबरात बातम्या बघताना आला. झालं असं की प्रांतात घरच्या सेवेचं काम बघणाऱ्या चौदा संस्था जूनच्या शेवटी एकत्र करून ऑन्टारियो हेल्थ ॲट होम नावाची एकच संस्था केली, आणि काही महिन्यांतच घरी सामान पोचवायची नवी कंत्राटं लागू झाली. आणि सामान पोचेना! ज्यांचे शेवटचे दिवस चालले होते त्यांच्याकडे दुखण्याची औषधं नाहीत, पंप नाहीत, ड्रेसिंग नाही, सिरिंज नाहीत. घरातली माणसं फार्मसी पालथ्या घालत होती, नर्स इकडून तिकडून सामान जमवत होत्या. संस्थेने माफी मागितली, आरोग्यमंत्र्यांनी हे खपवून घेणार नाही म्हणून सांगितलं, ज्यांनी खिशातून खर्च केला त्यांना पैसे परत देऊ असंही झालं. पण जो माणूस कळवळत गेला त्याची ती रात्र कोण परत देणार? मी टीव्हीसमोर बसून रडले, खोटं कशाला सांगू.

आणि यात कुणी पाकिटं घेतली असं कुठं आलं नाही. टेंडर निघालं, मार्क पडले, सह्या झाल्या. फक्त जुनी कंपनी ज्या दिवशी थांबते आणि नवी सुरू होते त्या दिवशी पेशंटच्या दारात काय होणार हे कुणी नीट तपासलं नाही.

हे इथं पहिल्यांदा घडलं असंही नाही. १९९६ च्या सुमारास इथल्या सरकारने घरच्या नर्सिंगची कामं स्पर्धेने, टेंडर काढून द्यायला सुरुवात केली. त्यात जुन्याजुन्या ना-नफा संस्थांची कामं गेली आणि वर्षानुवर्षं त्याच घरी येणारी नर्स पेशंटला बदलून मिळायला लागली. २००८ च्या जानेवारीत हॅमिल्टन शहरात तर व्हीओएन, म्हणजे १८९७ पासून देशात घरोघरी जाणारी नर्सेसची संस्था, आणि सेंट जोसेफची होम केअर, या दोघींना पहिल्याच फेरीत बाद केलं. लोक भडकले, नर्स आणि म्हातारी माणसं रस्त्यावर आली आणि मंत्र्यांना ती टेंडर प्रक्रियाच थांबवावी लागली. मला हे वाचून फार बरं वाटलं होतं, कारण लोकांचा प्रश्न सरळ होता, आमची नर्स का बदलताय?

आपल्याकडे हा प्रश्नच येत नाही कारण आपल्याकडे घरी येणारी सरकारी नर्स कुठाय? आशाताई बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा-सात फेऱ्या मारते, तेवढीच काय ती सरकारची घरपोच सेवा बहुतेकांनी बघितलेली, आणि तिलाच मानधनासाठी आझाद मैदानात बसावं लागतं. बाकी माझ्या मावशीला पॅरालिसिस झाला तेव्हा ब्युरोची बाई ठेवली, महिन्याला कोण येणार याचा पत्ता नाही, एकीने बेडसोर झालेला आठवडाभर सांगितला नाही. ब्युरोला जाब विचारणारं कुणी नाही, कारण कागदच नाही.

म्हणून मला भावाला सांगायचंय की घोटाळ्यावर भांडा, जरूर भांडा, इथले लोक तुमच्या निम्म्यानेही ओरडत नाहीत आणि त्याचं फळ २०२४ ला भोगलं. पण कोटींच्या आकड्याशी थांबू नका. गाडी किती मिनिटांत यायला हवी असं करारात लिहिलंय, नाही आली तर दंड किती, आणि तो दंड खरंच कापला का, जुनी सेवा बंद होताना नवी वेळेवर सुरू झाली नाही तर पर्यायी गाडी कुणी द्यायची, हे विचारा. कंत्राट एकदम स्वच्छ असेल आणि गाडी आली नाही तर पेशंटला त्या स्वच्छतेचं काय करायचंय?

हे सगळं मी परवा ग्रुपवर टाकलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही, मग भावाने विचारलं, "ताई, ते करारपत्र बघायला मिळतं का आपल्याला?" मी त्याला राज्याच्या ऑनलाइन आरटीआयची लिंक पाठवली, दहा रुपये फी आहे, प्रश्न आम्ही दोघांनी फोनवर बसून लिहिले, चार झाले. आणि तेच चार प्रश्न, अँब्युलन्सच्या जागी बॉक्स असं करून, मी इंग्रजीत आमच्या इथल्या आमदाराला मेल केलेत.