पणजी कॅसिनोच्या आधीपासून आहे

सकाळी एक रील समोर आलं. मांडवी नदीतल्या कॅसिनोच्या बोटींचा झगमगाट, आणि मागून एक मुलगा सांगतोय, "कॅसिनो यायच्या आधी पणजीत काही नव्हतं." डोकंच फिरलं.

काही नव्हतं? अरे, याच मांडवीत मुंबईची आगबोट लागायची! आदल्या दिवशी भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली, वाटेत रत्नागिरी, विजयदुर्ग करत आलेली. माझी आत्या त्या बोटीनं यायची. बाबा आम्हाला धक्क्यावर न्यायचे. डेकवर सतरंज्या पसरून रात्र काढलेली माणसं, ट्रंका, वळकट्या, हमालांची हाकाटी, आणि त्या सगळ्यात आत्याचं हिरवं लुगडं आधी कोणाला दिसतं यावरून आमची भांडणं.

1986च्या जुलैत मांडवीचा पूल कोसळला, तेव्हा बेतीच्या फेरीबोटींवर शहर चाललं. कार्निव्हलला त्याच्या राजाची, किंग मोमोची मिरवणूक निघायची, पणजीतल्याच मळा भागात मारुतीची जत्रा भरायची. दोन्हींना तीच माणसं, तीच पोरं. आत्या तर मोमो बघायला मिळावा म्हणून मुंबईहून रजा काढून यायची.

जुगार आम्हाला नवा नाही, कबूल. जत्रेत पट मांडून बसणारे होतेच. पण जत्रा उठली की पटही उठायचा. 1996 साली कायदा बदलून जहाजांवर जुगाराला वाट करून दिली, आणि ही जहाजं काही उठायचं नाव घेत नाहीत. निवडणूक आली की "मांडवीतून हलवू", निवडणूक गेली की मुदतवाढ. पोरांना नोकऱ्या लागल्या, तेही खरं. म्हणून काय अख्खी नदी देऊन टाकायची?

आणि 2020पासून गोंयकारांना तिथे खेळायला बंदी. आमच्या भल्यासाठीच आहे, असेल. पण आत्याच्या बोटीवर डेकचं तिकीट काढून कोणीही चढायचं. आता आमच्याच नदीत, आमच्याच डोळ्यांसमोर, पाहुण्यांसाठी दिवे लागतात आणि आम्ही काठावरच्या ट्रॅफिकमध्ये हॉर्न ऐकत बसतो.

त्या मुलावर आता राग नाही. विशीतला असेल, त्यानं जन्मापासून नदीत हेच पाहिलंय. पण त्या रीलखाली "अगदी बरोबर" लिहिणारे माझ्या वयाचे पणजीकर? त्यांना काय म्हणायचं? तुमचीही कोणीतरी आत्या, मावशी त्या बोटीनं आलीच असेल ना!

ज्यांच्या घरी बोटीचे, धक्क्याचे फोटो असतील त्यांनी खाली टाका. तिकीट जपून ठेवलं असेल तर तेही. सगळे एकत्र करून त्या मुलाला पाठवणार आहे.