नवरदेवाची गाडी काहून तापते?

वैशाखातलं ४४ अंशांचं ऊन, पुढं डीजे, आणि मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतचा एक किलोमीटर दोन तासांत कापणारी गाडी. इंजिनाची याहून कडक परीक्षा कारखान्यातही कोणी घेत नसेल. आत एसी फुल्ल, बोनेटवर झेंडू, पुढच्या जाळीवर आडवेतिडवे हार. पोट्टे नाचायच्या रंगात आले की नेमका तेव्हाच काटा लाल रेघेला टेकतो, फटीतून वाफ निघते आणि एक नवरदेव सोडला तर अख्खी वरात मेकॅनिक होते.

"पानी टाका ना भाऊ!"

"थर्मोस्टॅट काहाडून फेका. आपल्याकडं त्याचं कामच नाही."

तिसरा काहीच बोलत नाही, सरळ रेडिएटरच्या झाकणाला हात घालतो. त्याला आधी धरा. झाकणाखालचं पाणी साधारण एक बार जादा दाबाखाली असतं, म्हणून ते १०० अंशांना उकळत नाही, १२० च्या आसपासपर्यंत दम धरतं. झाकण फिरवलं की दाब गेला आणि उकळतं पाणी तोंडावर. हळदीची आंघोळ एकट्या नवरदेवाची असते, तेवढी पुरे. इंजिन बंद करून अर्धा-पाऊण तास थांबा. तापल्या इंजिनावर गार पाण्याची बादली ओतायला निघालेलाही जवळपासच असतो. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, तडकलं, तर आहेराची सगळी पाकिटं गॅरेजात जातील.

मी अशा वेळी एकच विचारतो: हायवेला ८० च्या वेगात काटा कुठं असतो?

"तिथं तं मधातच राह्यते."

झालं निदान. पाणी फिरतंय, हवा फिरत नाही. पळत्या गाडीला वारा फुकट मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंख्याचा आधार. विदर्भातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. पंप चालू, वाळ्यावर पाणी धो धो, पण कूलरचा पंखा बंद. होते का खोली गार? त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसवलेला, म्हणजे नवरदेवाला गार करून उरलेली उष्णता इंजिनाच्याच अंगावर.

आता त्या बिचाऱ्या थर्मोस्टॅटचं. तो म्हणजे रेडिएटरकडं जाणाऱ्या पाण्याची झडप, ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडते. बंद अवस्थेत अडकला असता, तर गाडी हायवेवरही तापली असती. काढून फेकला, तर इंजिन थंडच राहतं, डिझेल जास्त पितं आणि पंखा होता तसाच बंद.

पंख्याची झडती अशी. गाडी चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत काही क्षणांत पंखा फिरायला हवा. नाही फिरला, तर आधी फ्यूज पाहा, सहसा ३० किंवा ४० अँपिअरचा. तो उडाला असेल, तर तेवढ्याच अँपिअरचा नवा टाका. तारेचा तुकडा घालणारे हुशार लोक पुढं वायरिंग जाळतात. मग रिले, म्हणजे पंख्याला करंट सोडणारा छोटा स्विच. त्याच नंबरचा हॉर्नचा रिले काढून पंख्याच्या जागी लावा. पंखा फिरला, हॉर्न मुका झाला, तर चोर सापडला. डीजेपुढं हॉर्नची उणीव कोणाला भासणार?

रिले ठीक असेल, तर मोटरचा प्लग काढून बॅटरीवरून थेट दोन वायरी द्या. (शेला आणि बोटं दूर.) फिरली, तर दोष सेन्सरचा किंवा त्याच्या वायरीचा. नाहीच फिरली, तर मोटरला पान्याच्या मुठीनं हलकेच ठोका. ठोकल्यावर सुरू झाली म्हणजे मोटरच्या आतले कार्बन ब्रश झिजले. कूलरचा पंखाही आपण काडीनं ढकलून चालू करतो, पण तिथं कंडेन्सर (एसीचा नव्हे, मोटरचा कपॅसिटर) गेलेला असतो. रोग वेगळा, इलाज दोन्हीकडं सारखाच तात्पुरता.

मोटर बदलल्यावर एक घोळ हमखास होतो. वायरी उलट्या जोडल्या जातात आणि पंखा उलटा फिरतो. दिसायला फिरतोय, गाडी मात्र तापतेच. पंखा रेडिएटरच्या मागं असेल, तर पुढच्या जाळीशी लग्नपत्रिका धरा. ओढली जाऊन चिकटली पाहिजे. उडून आली, तर वायरी पालटा.

पंखा सरळ फिरतोय, तरी तापते? मग जाळी चोंदलेली. दिवाळीपासून कापूस वाहणाऱ्या गाड्यांच्या मागं, जिनिंगच्या दारात उभं राहून कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधात रुईची गादी तयार होते. पाणी इंजिनाच्या बाजूनं बाहेर मारा, तेही साध्या नळीनं. प्रेशरनं पत्र्या वाकतात.

आणि आतलं पाणी! अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये टाकणाऱ्यानं आपल्या कूलरची टाकी एकदा पाहावी. तो पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला की पंखा काय करणार? कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं. गार इंजिनात भरा, हीटर फुल्ल ठेवून झाकण उघडंच राहू द्या आणि गाडी चालू करा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी खाली जाते, बुडबुडे येतात. भर घाला, बुडबुडे थांबले की झाकण लावा. बुडबुडे थांबतच नसतील, पाणी कुठंही न गळता कमी होत असेल आणि ऑइलचा चहा झाला असेल, तर हेडखालचं पॅकिंग, म्हणजे हेड गॅसकेट, गेलं. तिथं आपली विद्या संपते, टोचन बांधा.

हे सगळं वरातीत होणार नाही. तिथं काटा मधातून वर सरकू लागला की जाळीवरचे हार काढा, एसी बंद करा, न्यूट्रलमध्ये रेस थोडी वाढवा आणि हीटर फुल्ल सोडा. इंजिनाची उष्णता तेवढी आत येते आणि काटा उतरतो. शेरवानीतल्या नवरदेवाला ही गोष्ट भाटव्यानं सांगावी.