‘जशी प्रजा तसा हुकूमशहा’? जरा थांबा

हुकूमशाही वळणाच्या नेत्यांबद्दलचा एक युक्तिवाद सध्या मोठ्या हौसेने पुढे पाठवला जातो. थोडक्यात तो असा: ‘खंबीर नेता’ म्हणत अशा माणसाला डोक्यावर घेणारे लोक एकतर अडाणी असतात, नाहीतर घाबरलेले, नाहीतर मुळातच क्रूर. त्याच्या लोकप्रियतेचे आकडे खोटे असतात. खरं काय ते बाहेरून पाहणाऱ्यालाच दिसतं. आणि लोक एकदा भुलले की परतीची वाट नाही. जशी प्रजा तसा हुकूमशहा.

या नेत्यांचं मला काडीचं कौतुक नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण त्यांच्या मतदारांचं जे चित्र इथे रंगवलंय, ते एकेक मुद्दा धरून तपासायला हवं.

आधी अडाणीपणाचं पाहू. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर या छोट्या देशात २०१५ साली दर लाख लोकसंख्येमागे शंभराहून अधिक खून झाले. त्या काळात जगात इतर फार कुठे नसेल एवढं हे प्रमाण. पण हा आकडाही तिथल्या रोजच्या जगण्याबद्दल फारसं काही सांगत नाही. वस्त्या एमएस-१३ आणि बारियो १८ या टोळ्यांनी वाटून घेतलेल्या. बसवाल्याने हप्ता द्यायचा, दुकानदाराने हप्ता द्यायचा. एका टोळीच्या हद्दीतून दुसरीच्या हद्दीत गेलात तर नाक्यावरची पोरं ओळखपत्र मागून पत्ता वाचणार, आणि पत्ता चुकीच्या वस्तीचा निघाला तर जीव जाऊ शकतो. नातेवाइकांकडे जायचं, कामाला जायचं, सगळं या हिशेबाने. मार्च २०२२ मध्ये एकाच दिवसात ६२ खून झाले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांनी आणीबाणी लावली. पुढे ऐंशी हजारांहून जास्त लोक तुरुंगात गेले. कित्येकांना वॉरंट नाही, धड वकील नाही, आणि त्यांत निरपराधही होते. हजारो जणांना नंतर सोडावं लागलं. तरीही फेब्रुवारी २०२४ च्या निवडणुकीत बुकेले यांना जवळजवळ ८५ टक्के मतं पडली.

आता ज्या बाईचा मुलगा संध्याकाळी रस्ता ओलांडून पलीकडच्या वस्तीत जाऊन धडधाकट परत येतो, तिला हा फरक कळायला टीव्ही लागत नाही. तिला अडाणी म्हणणाऱ्याने तो रस्ता कधी ओलांडलेला नसतो.

मग प्रचाराचं काहीच काम नसतं का? असतं, पण ते वेगळं. अनुभव खराच असतो; प्रचार त्याचं श्रेय कोणाला द्यायचं ते ठरवतो. एल साल्वादोरमधलं खुनांचं प्रमाण बुकेले जून २०१९ मध्ये सत्तेवर येण्याआधीच २०१५ च्या निम्म्यावर आलं होतं. शिवाय त्यांच्या सरकारने टोळ्यांशी गुपचूप वाटाघाटी केल्याचा ठपका अमेरिकेच्या अर्थखात्याने डिसेंबर २०२१ मध्ये ठेवला होता. या गोष्टी सरकारी जाहिरातीत येत नाहीत.

श्रेयाच्या या हातचलाखीचं सगळ्यात चोख उदाहरण पेरूचं. तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अल्बर्टो फुजिमोरी यांनी ५ एप्रिल १९९२ रोजी लष्कराच्या मदतीने संसद बरखास्त केली, न्यायसंस्था ताब्यात घेतली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सप्टेंबरमध्ये ‘शायनिंग पाथ’ या दहशतवादी संघटनेचा म्होरक्या अबिमाएल गुझमान पकडला गेला. झालं, कठोर हाताचा विजय! प्रत्यक्षात त्याला पकडलं ते पोलिसांच्या एका छोट्या गुप्त तुकडीने, आणि ती स्थापन झाली होती फुजिमोरी निवडून येण्यापूर्वी, मार्च १९९० मध्ये. या लोकांनी काय केलं? लिमामधल्या एका नृत्यशाळेच्या घराचा कचरा चिवडला. तिथे राहणाऱ्यांच्या मानाने कचरा जास्त निघत होता, त्यात सिगारेटची थोटकं होती आणि गुझमानला असलेल्या त्वचारोगावरच्या औषधांची रिकामी वेष्टनं होती. संसद चालू असती तरी हा कचरा असाच चिवडता आला असता. पण लोकांच्या डोक्यात क्रम पक्का बसला: आधी संसद गेली, मग दहशतवादी सापडला. या क्रमालाच कारण समजणं म्हणजे अडाणीपणा नव्हे. शिकलेली माणसंही तसंच समजतात.

दुसरा मुद्दा आकड्यांचा. ‘लोक भीतीने होकार देतात’ हे ऐकायला पटतं, आणि संशोधकांनी ते रशियात तपासूनही पाहिलंय. युक्ती मजेशीर आहे. निम्म्या लोकांना तीन नेत्यांची यादी द्यायची आणि फक्त विचारायचं, यांपैकी किती जणांना तुमचा पाठिंबा आहे? कोणाला ते सांगायचं नाही, नुसता आकडा. उरलेल्या निम्म्यांना तीच यादी द्यायची, पण त्यात पुतिन यांचं नाव वाढवून. दोन्ही गटांच्या सरासरीतला फरक म्हणजे पुतिन यांचा पाठिंबा, आणि कोणी काय उत्तर दिलं ते कोणालाच कळत नाही. २०१५ च्या सुरुवातीला असं केलं तेव्हा निघालेला आकडा उघड विचारलेल्या आकड्यापेक्षा फार तर दहा टक्क्यांनी कमी होता. उघड आकडा ऐंशीच्या वर होता, म्हणजे उरला तोही भरपूरच.

याहून सोपा पुरावा २०१८ चा आहे. त्या वर्षी रशियन सरकारने निवृत्तीचं वय वाढवलं आणि पुतिन यांची लोकप्रियता काही महिन्यांत धाडकन उतरली. आकडा नुसत्या भीतीवर उभा असता तर तो पेन्शनमुळे का पडला? भीती काही त्या उन्हाळ्यात कमी झाली नव्हती. युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यानंतरच्या आकड्यांबद्दल मात्र मी एवढ्या खात्रीने बोलणार नाही. युद्धाविरुद्ध बोलल्याबद्दल तुरुंग होतो तिथे सर्वेक्षणवाल्याला कोण काय सांगेल! आणि प्रतिस्पर्धी तुरुंगात, परदेशात किंवा थडग्यात असताना ‘पाठिंबा’ म्हणजे नेमकं काय मोजायचं, हाही प्रश्न उरतोच.

‘लोक क्रूर असतात’ हा मुद्दा लवकर निकालात निघतो. फिलिपिन्समध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांच्या अमली पदार्थविरोधी मोहिमेत सरकारी हिशेबानेच सहा हजारांवर माणसं मारली गेली. डिसेंबर २०१६ च्या सर्वेक्षणात ८५ टक्के लोक मोहिमेवर समाधानी होते. त्याच सर्वेक्षणात ९४ टक्क्यांना संशयित जिवंत पकडले जाणं महत्त्वाचं वाटत होतं, आणि ७८ टक्क्यांना काळजी होती की आपण किंवा आपल्या ओळखीचं कोणीतरी यात बळी जाईल. रक्त पाहून खूश होणाऱ्यांची ही उत्तरं नव्हेत. त्यांना गुंड नको होते आणि गोळ्याही नको होत्या. मतपत्रिकेवर असा पर्याय त्यांना दिसत नव्हता.

राहिली बाहेरच्यांची नजर. जून २००१ मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश पुतिन यांना पहिल्यांदा भेटले आणि जाहीरपणे म्हणाले की मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं, मला त्यांच्या आत्म्याचा अंदाज आला. तेव्हा चेचन्यात दुसरं युद्ध चालू होतं. बाहेरच्यांना स्वच्छ दिसतं म्हणे! सोयीचा असतो तोवर असा नेता ‘सुधारक’ असतो, गैरसोयीचा झाला की ‘हुकूमशहा’. तुर्कस्तानचे धार्मिक वळणाचे नेते एर्दोगान यांनाही पाश्चात्त्य देशांनी कित्येक वर्षं लोकशाहीचा आदर्श म्हणून मिरवलं. उलट तुर्कस्तानातल्या अनेक धार्मिक बायका त्यांच्यामागे का गेल्या, हे बाहेरून दिसलंच नाही. १९९९ मध्ये मेर्वे कावाकची ही निवडून आलेली खासदार डोक्याला धार्मिक रुमाल बांधून सभागृहात आली (सरकारी संस्थांत तेव्हा त्याला मज्जाव होता), तर बाकं बडवून, ‘बाहेर व्हा’च्या आरोळ्या देऊन तिला शपथच घेऊ दिली नाही. विद्यापीठाच्या दारातून याच कारणासाठी परत पाठवलेल्या मुलींनी ते पाहिलं होतं. त्यांच्या लेखी पुढचं मत हा अपमानाचा हिशेब होता.

याचा अर्थ ‘त्यांनी निवडलंय ना, मग तुम्ही तोंड घालू नका’ हे उलट टोकाचं उत्तरही मान्य करा, असा नाही. वॉरंटशिवाय कोठडीत गेलेला मुलगाही त्याच जनतेतला असतो, आणि त्याची आई बहुमतात नसते एवढंच.

शेवटचा दावा सगळ्यात पोकळ: परतीची वाट नाही. चिलीत लष्करी हुकूमशहा पिनोशे यांनी १९८८ मध्ये स्वतःच सार्वमत लावलं आणि ५६ टक्के लोकांनी त्यांना नको म्हटलं. इस्तंबूलमध्ये मार्च २०१९ ला महापौरपदाची निवडणूक एर्दोगान यांच्या पक्षाने जेमतेम १३ हजार मतांनी गमावली. ती रद्द करवली, जूनमध्ये पुन्हा घेतली, आणि या वेळी आठ लाखांच्या फरकाने गमावली. रुसलेले मतदार इतक्या लवकर वळतात. पाठिंबा सशर्त असतो, आणि हे टीकाकारांपेक्षा त्या नेत्यांना जास्त चांगलं कळतं. म्हणूनच लोक खूश असतात त्याच काळात ते कोर्ट आणि मतदानाचे नियम हाताशी घेतात. हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान यांनी २०१० मध्ये दोन-तृतीयांश बहुमत मिळताच निवडणुकीचे नियम बदलले. २०१४ मध्ये ४५ टक्के मतांवर पुन्हा दोन-तृतीयांश जागा पदरात पडल्या. इस्तंबूल जिंकणारे इमामोग्लू मार्च २०२५ पासून तुरुंगात आहेत.

आणि बुकेले? जुलै २०२५ मध्ये त्यांच्या संसदेने राष्ट्राध्यक्षाला कितीही वेळा निवडणूक लढवायची मुभा दिली, मुदत पाचाची सहा वर्षं केली आणि मतदानाची दुसरी फेरीच काढून टाकली. दुसरी फेरी होते ती पहिलीत कोणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर. ८५ टक्के मतं मिळवलेल्या माणसाला ती अडचण वाटायचं कारण काय?