बारावीचं वर्ष आणि गावचा गणपती

पहिलीतल्या पोराची शाळा बुडवायला काय लागतं? डायरीत दोन ओळी आणि खाली सही. बारावी सायन्सचं पोर ऐन सत्रात गावी न्यायचं, तर त्यापेक्षा गणपतीच्या गाडीचं कन्फर्म तिकीट मिळवणं सोपं. आता ते किती सोपं, हे कोकणी माणसाला सांगायला नको. आरक्षण 60 दिवस आधी, सकाळी आठला उघडतं आणि चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत वेटिंग दाखवायला लागतं. यंदा चमत्कार झाला, तिघांचीही तिकिटं कन्फर्म. हिने देवापुढे साखर ठेवली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, त्या आठवड्यात माझी टेस्ट आहे."

कॉलेजची अडचण नव्हती. आमचं कॉलेज इंटिग्रेटेड, म्हणजे नाव तिथे, मुलगा क्लासमध्ये आणि फी दोन्हीकडे. बोर्डाचा 75 टक्के हजेरीचा नियम आहे. शिवाय 2018 साली सरकारने विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीही लावायला सांगितली होती. ते यंत्र मी पाहिलंय. शिपाईमामा त्याला छत्री अडकवतात. अर्ज घेऊन गेलो, तर क्लार्कबाईंनी रजिस्टर चाळून शेवटी मलाच विचारलं, "हा नक्की आपल्याकडेच आहे का हो?" रजा मंजूर झाली.

खरी परवानगी क्लासची. तिथे प्रत्येक पोरामागे एक मेंटॉर असतो. फोनवर अतिशय नम्र.

"सर, रजेचं कारण?"

"गणपती."

"गणपतीची एक दिवस सुट्टी दिलीय ना सर."

"एका दिवसात ती गाडी फार तर चिपळूण गाठते."

"ॲपमध्ये मेडिकल असा एकच ऑप्शन आहे सर."

हिने समोरून कपाळाला हात लावून दाखवला. ताप सांगा! आमच्या वेळी 'ताप आल्यामुळे' एवढ्यावर मास्तर गप्प बसत. आता डॉक्टरचं सर्टिफिकेट अपलोड करावं लागतं, आणि गणपतीच्या नावाने खोटा ताप आणायची माझी छाती नाही. मग मी हुकमाचं पान काढलं. म्हटलं, "रत्नागिरी-सिंधुदुर्गाचं कोकण मंडळ 2012 साली निघालं, तेव्हापासून बारावीच्या निकालात राज्यात पहिलं. 2025 चेच आकडे घ्या. राज्य 91.88 टक्के, मुंबई 92.93, कोकण 96.74. आणि ही सगळी पोरं गणपतीत रात्र-रात्र भजनात मृदंग बडवत असतात."

"बोर्डाला कोण विचारतं सर? जेईईला पर्सेंटाइल बघतात."

पान वाया गेलं. पलीकडे जरा शांतता. मग, "सर, गाव कुठलं?"

"कुडाळजवळ."

"अच्छा." आवाज थोडा उतरला होता. "ऑनलाइन लेक्चर तरी अटेंड करायला लावा."

सोसायटीत बातमी फुटली. ज्यांनी पोराच्या बारावीला केबल तोडली होती, त्या वहिनी लिफ्टमध्ये माझ्याकडे बघेनाशा झाल्या. गावाहून आईचा फोन आला, तो वेगळाच. "बारावी काय खंय पळान जाता? नातू नाय इलो तर गणपती पाटावर कोण बसवतलो?" यावर क्लासच्या ॲपमध्ये ऑप्शन नव्हता.

गावच्या घरात रेंज नाही. पडवीत नाही, खळ्यात नाही. विहिरीच्या वरच्या अंगाला जांभ्याचा गडगा आहे, त्यावर बसलं की दोन काड्या येतात. चिरंजीव तिथे छत्री घेऊन बसले. मांडीवर वही, छत्रीच्या दांड्याला रबरबँडने बांधलेला मोबाइल, त्यात रोटेशनल मोशन. पाऊस आडवा आला की सरांचा चेहरा गोठायचा आणि आवाज पुढे जायचा. मागून त्याचे चुलतभाऊ गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीला, म्हणजे माटवीला, बांधायला तेरडा, कवंडळं आणि नारळ घेऊन ये-जा करत होते. त्यातला एक बारावीतलाच, तालुक्याच्या कॉलेजचा. डोक्यावर नारळांचा घोस घेऊन तो छत्रीत वाकला, स्क्रीनकडे बघितलं, म्हणाला, "हयसर साइन येतलो रे, कॉस नाय," आणि निघून गेला. आमच्या चिरंजिवांनी उत्तर ताडून पाहिलं. मग छत्री मिटली, मोबाइल गडग्यावर ठेवला आणि तेही माटवीकडे गेले.

त्यानंतर माझ्या फोनवर 'आपला पाल्य अनुपस्थित आहे' असे मेसेज पडू लागले. माझाही फोन गडग्यावरच होता. घरातले सगळेच फोन तिथे ओळीने मांडलेले असत, रेंज खात. संध्याकाळी आई शेजारी अळू निवडत बसली होती आणि मी विहिरीवर पाणी काढत होतो, तेवढ्यात मेंटॉरचा फोन आला. माझे हात कळशीत. आईने उचलला.

"कोण? क्लासातलो? तो माटवी बांधता हा… नाय, आता नाय येवचो."

मी जागच्या जागी हात हलवून दाखवत होतो. तिने पाहिलं, अळूची देठं बाजूला केली आणि विचारलं, "तू खंयचो रे?"

पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं. आईचा चेहरा बदलला.

"मालवणाक? मगे तू कित्याक नाय इलस?… रजा नाय दिल्यानी?" तिने आवाज खाली आणला. "अरे झिला, ताप इलो म्हणान सांग."