मिशी येणे बाकी

कोजागिरीच्या रात्री, माझ्या वरच्या ओठावर मसाला दुधाची पांढरी मिशी असताना, आमच्या नाट्यमंडळाच्या कार्यवाहबाईंनी माईकवरून माझ्याकडे काळी मिशी परत मागितली.

शब्दशः सांगतो, कारण आठ दिवस झाले तरी ते शब्द डोक्यातून जात नाहीत. "कपडेपटातली एक मिशी, काळी, जाळीवर विणलेली, टोकं वर वळवलेली, सन २००९ च्या ऐतिहासिक नाटकातली, येणे बाकी." मग माझं नाव, आडनावासकट. मग जरा थांबून, "सभासदांनी नोंद घ्यावी." सभासदांनी घेतली. गच्चीवरच्या पन्नासेक माणसांनी एकदम माना वळवून माझ्या ओठाकडे पाहिलं, आणि तिथे मिशी होतीच. सायीची.

आता गच्ची कुठली, तर रामबागेतली, एका सभासदाच्या घराची. इंदुरात हौशी मराठी नाटक म्हणजे असंच चालतं. वर्षाचा कार्यक्रम कोजागिरीला जाहीर होतो, दूध संपायच्या आत. यंदाचा असा: ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन, नटराजपूजन आणि नारळ, डिसेंबरात तेच २००९ चं ऐतिहासिक नाटक नव्या संचात, २७ मार्चला जागतिक रंगभूमी दिनानिमित्त नाट्यवाचन, कारण वाचनाला नेपथ्य लागत नाही, आणि उन्हाळ्यात मुलांचं शिबिर, मुलं मिळाली तर. त्यानंतर सभासद-वार्ता. एक जोडपं मुलाकडे बंगळुरूला कायमचं गेलं. आमच्या प्रकाशयोजनाकाराचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आता त्याला स्टेजवर खरंच अंधार असतो हे दिसायला लागलं. एका वहिनींच्या नातवाला पहिला दात आला, टाळ्या. आणि मग मी. मिशी.

एकोणीस वर्षं मी या मंडळात आहे. पडदा ओढला आहे, विंगेतून प्रॉम्प्टिंग केलं आहे, एकदा तर फोनची घंटा वाजवणारा आला नाही म्हणून तोंडाने "ट्रिंग ट्रिंग" केलं आहे आणि ते समीक्षकाला आवडलं आहे. या एकोणीस वर्षांत सभासद-वार्तेत माझं नाव पहिल्यांदा आलं, ते उधारी खात्यात. दाताला टाळ्या मिळाल्या होत्या, हे पुन्हा सांगतो.

आणि खरी मेख पुढे आहे. २००९ ला त्या नाटकात मी किल्लेदार होतो. चार वाक्यं. तिसरं वाक्य, "दरवाजे बंद करा!", हे असं म्हणायचो की पहिल्या रांगेतली एक आजी दचकून पिशवी छातीशी धरायची. नव्या संचात मला काय दिलं? पडदा. म्हणजे त्यांना किल्लेदार नको आहे, किल्लेदाराची मिशी हवी आहे. बायकोचं म्हणणं, काम तेच आहे, तेव्हाही बंद करायला सांगत होतात, आता स्वतः करा.

मी उठून काही बोलणार, तेवढ्यात शेजारच्या खुर्चीवरून एक हात माझ्या गुडघ्यावर पडला.

हे काका मंडळाचे सभासद नव्हते. वहिनीला गाडीवरून सोडायला आले होते आणि दुधाचा वास आला म्हणून थांबले होते. बिनबाह्यांचा स्वेटर, मांडीवर हेल्मेट, हेल्मेटात शेव-चिवड्याची पुडी. ते माझ्याकडे अशा गंभीर नजरेने बघत होते की मला वाटलं, हा माणूस मला समजून घेणार.

"भिया," ते हळूच म्हणाले, "फेकली का?"

"आठवत नाही हो. सोळा वर्षं झाली. फेकलीही असेल."

"कोणत्या डब्यात?"

मी दुधाचा ग्लास खाली ठेवला. "कोणत्या म्हणजे?"

"ओला की सुका?"

बाहेरच्या वाचकासाठी सांगणं भाग आहे. आमचं शहर स्वच्छतेत २०१७ पासून वर्षामागून वर्षं पहिलं येतंय आणि हे यश आमच्या नसानसांत भिनलेलं आहे. इंदुरी माणूस एक वेळ मुलाची यत्ता विसरेल, पण कचरा सहा प्रकारांत वेगळा करायचा हे विसरणार नाही: ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, घरगुती घातक आणि सॅनिटरी. सकाळी गाडीचं गाणं ऐकू आलं की आम्ही अर्ध्या दाढीचे खाली पळतो. याचा मलाही अभिमान आहे. पण अभिमानाला काही वेळकाळ असते.

"काका, मिशी होती ती."

"तेच विचारून राहिलोय. कोणाच्या केसांची होती?"

"म्हणजे?"

"माणसाच्या, का याकच्या? याकच्या केसांच्याही मिळतात, माहीत आहे न? माझा साडू ड्रेसवाल्याकडे होता."

"मी तिला विचारलं नाही."

"बरं, जाळी कशाची? नायलॉनची?"

"असेल."

"मग ती प्लास्टिकमध्ये." त्यांनी एक बोट मिटलं. "केस सुक्यात." दुसरं बोट. "आणि चिकटवायचं काय असतं ते तुमचं?"

"स्पिरिट गम."

काकांनी दीर्घ श्वास घेतला. "घातक," ते म्हणाले, आणि तिसरं बोट मिटलं. "एका मिशीचे तीन डबे झाले. तुम्ही अख्खी एकात टाकली असेल."

"अहो, तेव्हा सहा डबे नव्हतेच! कोपऱ्यावर एक मोठी पेटी असायची, सगळं तिच्यात!"

"तेच तर." त्यांच्या चेहऱ्यावर जुनं कोडं सुटल्याचं समाधान पसरलं. "२०१६ मध्ये आपण २५ वे आलो होतो. कुठे मार खाल्ला, आज समजून राहिलंय."

एवढं बोलून त्यांनी पुडी माझ्यापुढे धरली. मी घेतली, कारण शेवेशी माझं भांडण नव्हतं. घास तोंडात असतानाच पुढचा प्रश्न आला. नाटकात मिशी पडली तर स्टेजवर कोण उचलतं? मी म्हणालो, कोणी उचलत नाही, पडली तर नाटकच पडतं. "पडली होती का कधी?" त्यांनी विचारलं. आणि इथे मला खरं बोलावं लागलं, कारण मिशी माझ्याकडे का आहे याचं उत्तर तिथेच दडलेलं होतं.

स्पिरिट गम म्हणजे राळ विरघळवलेला, नाकात जाणारा, औषधी वासाचा गोंद. तो ओठावर लावायचा, किंचित चिकट होईपर्यंत थांबायचं, मग जाळी ठेवून ओल्या फडक्याने दाबायचं. एकदा बसला की हसायची सोय नाही, ओठ ओढला जातो. पण घाम हा त्याचा वैरी. त्या प्रयोगाला दिवे डोक्यावर, अंगात मखमली अंगरखा, आणि दुसऱ्या अंकात माझ्या मिशीची उजवी बाजू सुटून गालावर लोंबायला लागली. मी दोन बोटांनी ती ओठावर धरली आणि तशाच अवस्थेत दरवाजे बंद करवले. लोकांना वाटलं, किल्लेदार मिशीवर ताव देतोय. टाळी आली. माझ्या आयुष्यातली एकमेव वाक्यावरची टाळी. विंगेत आल्यावर मी मिशी ओढून काढली, खिशात घातली आणि घरी आलो. परत करायची राहून गेली. आता विचार करतो, बहुतेक मला परत करायचीच नव्हती.

मिशीसाठी एवढा तमाशा, असं कोणाला वाटेल. पण मराठी रंगभूमीचा सगळा इतिहास मिशीभोवतीच फिरलेला आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. पुढे त्या नाटकांत "अलल्लडुर्र" करत राक्षस यायचे, त्यांच्या मिश्यांचा हिशोब कोणी ठेवला? उलट सीता व्हायची तर मिशी काढणं हाच पहिला त्याग. बालगंधर्वांसारखी माणसं स्त्रीभूमिकांसाठी आयुष्यभर गुळगुळीत राहिली. १९१३ साली निघालेल्या त्यांच्या गंधर्व नाटक मंडळीत भरजरी शालू आणि अत्तर यांवर पाण्यासारखा पैसा ओतला जायचा. आमच्या कपडेपटाची लोखंडी पेटी उघडा: तीन नऊवारी, त्यातली एक पडद्याची, चार फेटे, एक तलवार, वाकलेली, आणि वहीत, "मिशी १, येणे बाकी."

इथे मला थोडं मनापासून बोलू द्या, मग पुन्हा गंमत करतो. इंदुरात मराठी नाटकाची भूक नाही असं नाही. मुंबईहून मालिकेतला चेहरा असलेलं नाटक आलं की हीच माणसं सकाळपासून पाससाठी फोन करतात. आमच्या प्रयोगाला मोजून साठ-सत्तर, त्यातले निम्मे नटांचे नातलग, आणि ते आपल्या माणसाचा प्रवेश संपला की चहाला जातात. मोठ्या नाट्यगृहाचं भाडं आम्ही वर्गणी काढून भरतो, आणि तालमीच्या हॉलमधून लग्नाची पार्टी आली की नऊ वाजता बाहेर निघतो. एके काळी याच शहरात बाबा डिक्यांसारखा माणूस मराठी नाटक करत होता, 'नई दुनिया'चे संपादक राहुल बारपुते हिंदी वर्तमानपत्र चालवता चालवता मराठी नाटकात रमत होते. ते बघितलेली माणसं अजून गच्चीवर दूध प्यायला येतात. आणि दर वर्षी त्यांच्यातली एखादी खुर्ची कमी मांडावी लागते. ते वार्तेत वाचत नाहीत.

नव्या पिढीचं म्हणाल, तर नव्या संचातला नायक गुणी मुलगा आहे, पण मराठी इंग्रजी लिपीत लिहून घेतो. पहिल्या वाचनात त्याने राजासमोर गुडघे टेकून, डोळ्यांत पाणी आणून म्हटलं, "माला क्षमा करा." दिग्दर्शकाने विचारलं, ही माला कोण? त्याने वही दाखवली. चूक लिपीची होती. घरी आई-बाबा त्याच्याशी हिंदी बोलतात. त्याची चूक नाहीच.

असो. मिशी.

कोजागिरीहून घरी आल्यावर मी माळा उपसला. मखराचं थर्मोकोल, जुने पोस्टर, एक हार्मोनियमचा भाता. मिशी नाही. रात्री साडेअकराला पुण्याला मुलीला फोन लावला, बायको मागून म्हणत होती की तिला उद्या ऑफिस आहे. मुलगी म्हणाली, "बाबा, ती माझ्या कंपासपेटीत आहे. तिसरीत मी लोकमान्य टिळक झाले होते, विसरलात?"

विसरलो होतो. कंपासपेटी तिच्या कपाटात खालच्या खणात होती. आत तुटका कोनमापक, अर्ध्या खोडरबराखाली चपटी झालेली मिशी. उजवं टोक उपसलेलं, जाळीवर पेन्सिलीची शिसं. मी आरशासमोर ती ओठावर धरली. आठ दिवसांच्या सगळ्या रागासकट सांगतो, चेहरा अजून किल्लेदाराचा आहे. बायको दारात उभी होती. ती काही बोलली नाही, हे तिने चांगलं केलं.

काल तालमीला मिशी घेऊन गेलो. पाकिटात घालून, वर "सस्नेह परत" असं लिहून. कार्यवाहबाईंनी पाकीट उघडलं, मिशी प्रकाशात धरली, वहीत नोंद केली: "मिशी १, मिळाली. उजवीकडे विरळ." मग म्हणाल्या, "बरं झालं भाऊ, वेळेवर आणलीत. लावून बघू. नवे किल्लेदार आलेत."

खुर्चीवर बिनबाह्यांचा स्वेटर होता. मांडीवर हेल्मेट. वहिनीला सोडायला आले होते म्हणे, आवाज खणखणीत वाटला म्हणून दिग्दर्शकाने वाचायला बसवलं, आणि ते बसले. पुढच्या सभासद-वार्तेत यांचं स्वागत असणार, टाळ्यांसकट.

मिशी लावता येणारा माणूस मंडळात आता मीच उरलोय. तेव्हा स्पिरिट गमची बाटली माझ्या हातात आली. मी काकांची हनुवटी धरली, ओठावर गोंद फिरवला, थांबलो, जाळी ठेवली आणि ओल्या फडक्याने दाबली.

"दोन मिनिटं बोलायचं नाही," मी म्हणालो.

काकांनी मान हलवली. अर्धं मिनिट गेलं. मग फडक्याखालून आवाज आला, "भिया, हे फडकं मग कोणत्या डब्यात?"