‘स्टर्लिंग’ नसलं तरी चांदीच
जुन्या चमच्यांवरच्या एका लेखात म्हटलंय की ‘स्टर्लिंग’ शिक्का नसलेला जुना अमेरिकन चमचा म्हणजे नुसता चांदीचा मुलामा. हे चुकीचं आहे. 1860 पर्यंतचं बहुतेक काम ‘कॉइन सिल्व्हर’चं. नाणी आणि जुनी भांडी वितळवून ते घडवायचे, त्यामुळे शुद्धता साधारण 900, म्हणजे हजारात 900 भाग चांदी (स्टर्लिंग 925). इंग्लंडसारखी सरकारी तपासणी तिथे नव्हती. अपवाद बाल्टिमोर शहर, 1814 ते 1830. बाकी ठिकाणी दांड्यामागे बहुतेकदा कारागिराचं आडनाव किंवा आद्याक्षरं चौकटीत. बोस्टनचा चांदी-कारागीर पॉल रिव्हिअर याचंही तसंच.

काळ आकारावरून ओळखा. दांड्याचं टोक वर वळलेलं आणि मधे उंचवटा असेल तर साधारण 1760 च्या आधीचा. खाली वळलेलं असेल तर नंतरचा. शवपेटीसारखं कापलेलं टोक 1800 च्या आसपासचं, व्हायोलिनसारखं रुंद त्यानंतरचं.

घेताना दहापट भिंग हवंच. ठोकलेल्या शिक्क्याच्या कडा धारदार असतात, ओतीव नकलेत त्या बोथट आणि बारीक खड्ड्यांच्या. संचातल्या सहाही चमच्यांवर ओरखडा नेमका एकाच जागी? मग एकाच साच्यातून ओतलेल्या नकलाच. दांड्यावर श्वास सोडा. वाफ उडताना झाळलेली रेघ किंवा पुसलेल्या आद्याक्षरांची जागा वेगळी दिसते. तिथे दांडा चिमटीत धरला तर पातळही लागतो. चमच्याच्या वाटीचं टोक डावीकडे जास्त झिजलेलं असणं बरं लक्षण, उजव्या हाताने खाल्ल्याचं. झीज लपवायला टोक कापून गोल केलं असेल तर किंमत पडते. आणि कृपा करून चांदी चकचकीत करायच्या रासायनिक द्रावणात (डिपमध्ये) बुडवू नका, नक्षीतला काळसरपणा जातो.