दोन फ्यूजांचं एकत्र कुटुंब

जुन्या ॲम्बेसेडरचं बॉनेट उघडलं की नागपुरात माणूस एकटा राहत नाही. पाच मिनिटांत तिघं वाकून बघतात आणि त्यातला एक म्हणतोच, "भाऊ, फ्यूज कायले पायजे? बॅटरीवरून डायरेक्ट मारा ना तार!" या 'डायरेक्ट'नं जितकं वायरिंग जाळलं तितकं कडक उन्हाच्या नवतप्यानंही जाळलं नसेल.

मूळ घरात फ्यूज दोनच. फ्यूज बॉक्सवरच्या ए-१ ते ए-२ या टोकांवर हॉर्न, त्याला किल्लीची परवानगी लागत नाही. ए-३ ते ए-४ वर वायपर, इंडिकेटर, पेट्रोलचा काटा, म्हणजे किल्ली फिरल्यावर उठणारी मंडळी. हेडलाइट तर बिनफ्यूजचेच. काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं, पण तो लुकास या इंग्रज कंपनीचा हिशेब: ३५ अँपिअरला उडणार, सतत चालवायचे १७च. त्या आकड्यावर भुलून ३५चा ब्लेड फ्यूज (आजचा दोन पात्यांचा, प्लास्टिकचा) लावला, तर फ्यूज शाबूत आणि तार स्वर्गवासी. फ्यूज पंख्याला वाचवायला नसतोच, तो तारेला वाचवायला असतो. हे त्या तिघांना सांगून बघा. मी सोडून दिलंय.

आता या घरात हॅलोजन दिवे, पंखा आणि मोबाइलचा चार्जर नांदवायचे, त्यांच्यासाठी वेगळा फ्यूज बॉक्स घालून. वॅट भागिले १२ म्हणजे अँपिअर. ६० वॅटचे दोन हॅलोजन १० अँपिअर खातात. त्यांना १५चा निळा फ्यूज आणि अडीच चौरस मिलिमीटरची तार. रेडिएटरचा पंखा चालताना ८-१० घेतो, पण उठताना आळस झटकत जास्त ओढतो, म्हणून २०चा पिवळा. चार्जरला ५. जुना सी-४० डायनॅमो मात्र मिळवतो २२ अँपिअर, आणि व्हरायटी चौकात सिग्नलला गाडी आयडलवर आली की जवळजवळ काहीच नाही. कमाई न बघता खर्च वाढवायचा असेल तर आधी अल्टरनेटर बसवा.

सुरुवात बॅटरीचं अर्थ टर्मिनल, म्हणजे बॉडीला जोडलेलं टोक, काढण्यापासून. या घराण्यातल्या फार जुन्या गाड्यांत बॉडीला पॉझिटिव्ह असतो. तिथं चार्जर नेहमीसारखा जोडला की तो लगेच जातो. नव्या फ्यूज बॉक्सला येणारी मुख्य तार सहा चौरस मिलिमीटरची, आणि जिथून घेतली तिथून वीतभराच्या आत ३०चा मुख्य फ्यूज. त्याच्या आधीचा तुकडा कुणीच सांभाळत नाही, म्हणून तो आखूड. गाडीत अमीटर (बॅटरीत जाणारा-येणारा करंट दाखवणारा काटा) असेल तर ही तार बॅटरीवरून न घेता ए-१च्या तपकिरी तारेवरून घ्यावी. नाहीतर पंखा जे खातो ते बॅटरीच्या ताटात पडलं असं काटा सांगतो, आणि आपण चार्जिंग जोरात आहे म्हणून खूश.

पंख्यासाठी रिले, म्हणजे थोड्या करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच: ३० नंबरला पंख्याच्या फ्यूजवरून येणारी तार, ८७ वरून पंखा, ८६ला ए-४ची हिरवी तार, ८५ बॉडीला. कॉइलला पाव अँपिअरही लागत नाही, म्हणून किल्लीच्या स्विचवर ओझं येत नाही. अर्थ घेताना रंग खरवडून चकचकीत लोखंड काढायचं. रंगावर स्क्रू आवळला की हॉर्न दिला असता दिवे लुकलुकतात. घरच्या वायरिंगची एकतारी तार नको, इंजिनच्या थरथरीनं तुटते. थिंबल (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) पकडीनं चेपू नये, क्रिंपिंग टूल आणावं. फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, भोकाला रबरी ग्रोमेट (कडं) हवाच, तिथला पत्रा सुरीसारखा असतो. आणि काळी टेप! मे महिन्यात तिचा डिंक पाघळतो, टेप पायजम्यासारखी खाली सरकते आणि उघडी तार जगाला दिसते. हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, घाला.

जुनी पितळी क्लिप ढिली किंवा हिरवी पडली असेल तर फ्यूज उडत नाही, नुसता तापतो, कारण करंट वाढलेलाच नसतो. त्या फ्यूजवरचं काही, उदाहरणार्थ वायपर, चालू ठेवून फ्यूजच्या दोन टोकांना मीटर लावावा. व्होल्टचा दहावा भागही तिथं हरवत असेल तर आधी सँडपेपर.

शेवटी सगळं अर्धा तास चालवून प्रत्येक फ्यूजवर बोट ठेवायचं. जो चटका देईल त्याची क्लिप दोषी. ही परीक्षा उन्हाळ्यात दिवस मावळल्यावरच घ्यावी. दुपारी दोनला नागपुरात सगळेच फ्यूज नापास होतात, बॉनेटची कडीसुद्धा.